सोसायटीच्या गच्चीवर मेलिफेराच्या पेट्या नकोत, छज्ज्याखालचं आग्या मोहोळ राहू द्या

मुलुंडची_गच्ची:
मागच्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगच्या १४व्या मजल्यावरचं आग्या मोहोळ पेस्ट कंट्रोलवाल्यांनी रात्री फवारा मारून पाडलं. सकाळी पार्किंगमध्ये माश्यांचा खच पडलेला, वॉचमनकाका झाडूने गोळा करत होते, मला बघवेना. आणि त्याच रविवारी मीटिंगमध्ये कमिटीने विषय काढला की गच्चीवर मधाच्या ४ पेट्या ठेवूया, मेलिफेराच्या, तेवढाच निसर्गाला हातभार. माझा याला ठाम विरोध आहे. का ते सांगते, जरा लांबेल.

मेलिफेरा म्हणजे युरोपातली माशी. तिला सगळ्यात जास्त मारतो तो व्हरोआ माइट, टाचणीच्या डोक्याएवढा, तांबूस, गोचिडीसारखा चिकटून बसतो. तो मूळचा सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या आपल्या आशियातल्या माशीच्या अंगावरचा. १९०४ साली जावामध्ये सातेरीवरच त्याची पहिली नोंद झाली. सातेरी त्याच्यासोबत इतकी वर्षं राहिलीय की तिला त्याचा बंदोबस्त करता येतो, माश्या एकमेकींचं अंग साफ करतात, आणि तिच्या पोळ्यात माइटची वीण नरांच्याच खान्यांत होते, कामकरी माश्यांच्या पिलांवर त्याचं काही चालत नाही. मेलिफेराकडे हे जवळजवळ नाहीच. तिच्या कामकरी पिलांवरही माइट वाढतो, सोबत विषाणू पसरवतो, मग चुरगळलेल्या पंखांच्या माश्या पेटीबाहेर सरपटताना दिसतात.

दुसरं, राणी एका नरावर थांबत नाही, उडत्या उडत्या दहा-वीस नरांशी संग करते. म्हणून एकाच पोळ्यात सावत्र बहिणींची कितीतरी कुळं असतात, कोणी रोगट पिल्लू पटकन हुंगून बाहेर काढतं, कोणी थंडी सोसतं. ही सरमिसळ टिकायला आजूबाजूला वेगवेगळ्या वंशाची भरपूर मोहोळं लागतात. आपण आहेत ती पाडतो आणि एकाच ठिकाणाहून आलेल्या पेट्या विकत आणतो, हे मला पटत नाही.

पेटीवाला_बोरिवली:
ताई, मोहोळ पाडलं ते वाईटच झालं. पण पुढचं पटलं नाही. माझ्या ४० पेट्या आहेत, सगळ्या मेलिफेरा, कांद्याच्या बियाण्याला, सूर्यफुलाला, डाळिंबाला परागीभवनासाठी फिरवतो, घर त्याच्यावर चालतं. सातेरी ठेवून बघितली होती, मध कमी, आणि जरा खाणं कमी पडलं किंवा मुंग्या लागल्या की रिकामी पेटी मागे ठेवून पसार. आपली माशी म्हणून तिला रोग होत नाही असं समजू नका, थाई सॅकब्रूड विषाणू आठवा. १९९१-९२ला कर्नाटक, केरळ, तमिळनाडूत सातेरीच्या बहुतेक वसाहती त्यात गेल्या, पिल्लं पाण्याच्या पिशवीसारखी होऊन खान्यातच मेली. तेव्हा तिथल्या मधपाळांना मेलिफेराचाच आधार मिळाला. माइटला औषध आहे, फॉर्मिक अॅसिड आहे, पट्ट्या आहेत, वेळेवर लावल्या की पेटी टिकते.

आठवा_मजला_ठाणे:
वंश, माइट मला काही कळत नाही. माझ्या मुलाला ५ डंख झाले होते, घशाला सूज आली, रात्री १ वाजता अॅडमिट केलं. पोटात गोळा म्हणजे काय ते त्या रात्री कळलं. आग्या मोहोळ खिडकीपासून ६ फुटांवर असलं तर मी काय करायचं ते आधी सांगा.

मुलुंडची_गच्ची:
@आठवा_मजला_ठाणे ६ फुटांवरचं काढायलाच हवं, त्यात वाद नाही. पण जाणकार माणसाकडून, माश्या न मारता. मी १४व्या मजल्याबद्दल बोलतेय, तिथे खिडकी नाही, डक्टची मागची बाजू आहे. गेली ३ वर्षं बघतेय, दिवाळीनंतर येतं, पावसाच्या आधी आपलं आपण जातं, खाली रिकामं मेण तेवढं राहतं. आजवर एकालाही चावलं नाही.

@पेटीवाला सॅकब्रूडचं खरंय, मी सातेरीला अजिंक्य म्हटलं नाही. पण नंतर केरळात ती पुन्हा उभी राहिली ती कशी? ज्या थोड्या वसाहती तगल्या त्यांच्याच पुढे वाढवल्या. त्या तगणाऱ्या मुळात होत्या म्हणून. सगळ्या एका साच्यातल्या असत्या तर तगायला कोण उरलं असतं?

सायनकर_अण्णा:
आणि मेलिफेरा आणली की सातेरीशी संकर होऊन आपली जात बिघडते, हे कोणी बोलतच नाहीये. खरी भीती ती आहे.

दादर_लॅब:
अण्णा, ते होत नाही. दोघी वेगळ्या प्रजाती आहेत, संकराची अंडी जगत नाहीत. दुपारी हवेत संगाच्या वेळा जुळल्या तर राणीचा संग वाया जाऊ शकतो, रोगांची देवाणघेवाण होऊ शकते, पण वंश मिसळत नाही. वंश मिसळायची भीती सातेरी-सातेरीतच आहे. दक्षिणेत डोंगरातली काळपट आणि मैदानातली पिवळसर सातेरी वेगळी दिसते, पेट्या इकडच्या तिकडे नेल्या की तो फरक पुसला जातो.

मुलुंडच्या ताईंचीही एक दुरुस्ती करतो. १९०४चा तो व्हरोआ जेकबसोनी. जगभर मेलिफेराला मारणारा निराळा निघाला, २००० साली अँडरसन आणि ट्रूमन यांनी त्याला डिस्ट्रक्टर हे नाव दिलं. तोही मूळचा सातेरीवरचाच, त्यामुळे तुमचा मुद्दा राहतो.

पण मुंबईत आग्याबद्दल बोलत असाल तर ट्रोपिलेलॅप्स विसरू नका. हा दुसरा माइट, आग्या माशीवरचा, आणि आपल्याकडे मेलिफेराच्या पेट्यांत शिरतो तो तिथूनच. हा पूर्ण वाढ झालेल्या माशीला नीट चावू शकत नाही, पिलांवरच जगतो, पिल्लं नसतील तर २-३ दिवसांत मरतो. आग्या दर वर्षी पोळं सोडून दूर जाते, मध्ये काही काळ पिल्लं नसतात, त्याचा मोठा भाग तिथेच संपतो. गच्चीवरच्या मेलिफेराला मात्र मुंबईच्या हवेत बारा महिने पिल्लं.

पेटीवाला_बोरिवली:
मग उलट झालं ना, आग्या मोहोळ शेजारी असणं हाच माझ्या पेट्यांना धोका! मी मोहोळ पाडा म्हणत नाही, पण पेट्यांना धोका बाहेरून येतो तर पेट्यांनाच दोष का.

आणि वंश-विविधता म्हणजे ताई तुम्ही तो अमेरिकेतला प्रयोग मनात धरून बोलताय, मीही ट्रेनिंगला ऐकलाय. २००७चा, मॅटिला आणि सीली यांचा, काही राण्यांना १५ नरांचं बीज दिलं, काहींना एकाचंच. एकाच नराच्या सगळ्या वसाहती डिसेंबरच्या मध्यापर्यंत मेल्या, दुसऱ्यांतल्या काही मेपर्यंत टिकल्या. पण तो न्यूयॉर्कच्या थंडीतला, मध साठवण्याचा हिशोब आहे, माइटचा नाही. दुसरा प्रयोग तुम्हाला आवडणार नाही. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९९९ला दीडशे वसाहती औषधाशिवाय सोडल्या, ज्या टिकतील त्या टिकतील. ३ वर्षांत ८०%च्या वर गेल्या. उरलेल्या माइट सोसायला शिकल्या, छान झालं. पण माझ्या ४०तल्या ३२ गेल्या तर बँकेचा हप्ता कोण भरणार? विद्यापीठाचा प्रयोग वेगळा, माझं घर वेगळं.

मुलुंडची_गच्ची:
दादा, हे मला उत्तर देता येत नाही आणि द्यायचा आव आणत नाही. तुमच्या हप्त्यापुढे माझा मुद्दा लहानच आहे. मी तुम्हाला औषध बंद करा म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की ज्यांचं पोट त्यावर नाही अशा सोसायट्यांनी हौसेखातर या पेट्या आणू नयेत, कारण कमिटीतलं कोणीही दर १५ दिवसांनी पेटी उघडून, पोळ्याची फ्रेम काढून माइट मोजणार नाही, वर्षभरात त्या पेट्या रोगाचं कोठार होतील आणि तो रोग फुलाफुलांवरून आरेच्या आणि नॅशनल पार्कच्या माश्यांपर्यंत जाईल.

एक विचारू? तुमच्या राण्या कुठून येतात?

पेटीवाला_बोरिवली:
एकाच माणसाकडून, ७ वर्षं झाली. खात्रीचा आहे.

दादर_लॅब:
फ्रेमवर पिल्लं सलग दिसतात की मध्ये मध्ये खाने रिकामे?

पेटीवाला_बोरिवली:
गेली २ वर्षं काही पेट्यांत चाळणीसारखं दिसतंय. मला वाटलं माइट, म्हणून औषध वाढवलं.

दादर_लॅब:
माइटनेही होतं, आधी मोजून घ्या. बरणीत अर्धा कप माश्या घ्या, पिठीसाखर टाकून हलवा, जाळीतून किती माइट पडतात ते बघा. फारसे पडले नाहीत तर संशय नात्यातल्या संगाचा. माशीत नर की मादी हे एका जनुकावर ठरतं. त्याच्या दोन वेगळ्या प्रती मिळाल्या तर मादी. राणी आणि नर जवळच्या नात्यातले असले की निम्म्या पिलांत दोन्ही प्रती सारख्या येऊ शकतात, मग फलित अंड्यातूनही नरच बनतो, आणि कामकरी माश्या ती पिल्लं लहान असतानाच खाऊन टाकतात. खाना रिकामा. त्यावर कुठलीच पट्टी चालत नाही, राणी दुसऱ्या वंशाची आणावी लागते.

आपल्याकडे हे होणं नवल नाही. मेलिफेराची पहिली वसाहत आपल्याकडे रुजली ती १९६२ला, तेव्हाच्या पंजाबातल्या नग्रोट्याला. पुढची बरीच वाढ अशा मोजक्या आयातीतून, आणि वर आपण एकाच माणसाकडून ७-७ वर्षं राण्या घेतो.

पेटीवाला_बोरिवली:
हे मला ७ वर्षांत कोणी सांगितलं नाही. औषधाला किती पैसे घातले त्याचा हिशोबच नको. नाशिककडे एक ओळखीचे मधपाळ आहेत, त्यांचा वंश वेगळा आहे असं म्हणतात, या सीझनला निम्म्या राण्या त्यांच्याकडून घेऊन बघतो.

आठवा_मजला_ठाणे:
मोहोळ न मारता काढणारं कोणी मुंबईत असेल तर प्लीज सांगा, आमच्याकडे पुन्हा बसायला लागलंय.

मुलुंडची_गच्ची:
@आठवा_मजला_ठाणे मेसेज करते, आत्ताच, पोळं लहान असताना उठवणं सोपं जातं.

@पेटीवाला रविवारी पुन्हा मीटिंग आहे. तुम्ही येऊन कमिटीला सांगाल का की ४ पेट्या सांभाळायला महिन्याला किती तास लागतात? माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील.

पेटीवाला_बोरिवली:
येतो. मोहोळाच्या बाजूनेही बोलेन. पट्ट्या मात्र मी लावणारच, ते मनातून काढा.