मदत हवी आहे : जुन्या पिकअपचा ऑइल फिल्टर जुळत नाहीये, गाडी अडकली आहे

मुलुंड_भाजीपाला
सेकंडहँड पिकअप घेतली आहे. आज ऑइल काढलं, जुना फिल्टर सोडवला आणि दुकानातून आणलेला लावायला गेलो तर दोघांचा काही मेळच नाही. जुना उंच आणि बारीक, नवा बुटका आणि जाड. नवा चढतो, पण रबर टेकेपर्यंत डुगडुगतो. दुकानदार म्हणतो पिकअपला हाच जातो, बिनधास्त बसवा. मेकॅनिक म्हणतो टेफ्लॉन टेप गुंडाळून कसतो, काही होत नाही. पहाटे वाशी मार्केटला माल उचलायचा आहे. बसवू की नको, तेवढंच सांगा.

कुर्ला_डेपो
कुठली पिकअप? साल कोणतं?

ठाणेकर_काका
टेफ्लॉन टेप मोरीच्या नळाला लावतात हो! मेकॅनिक बदला आधी.

सीएनजी_झिंदाबाद
मुळात मुंबईत डिझेल पिकअप घ्यायचीच कशाला? सीएनजी छोटा हत्ती घ्यायचा. गल्लीत वळतो, पार्किंगला जागा कमी लागते.

मुलुंड_भाजीपाला
पिकअप म्हणजे बोलेरो पिकअप, दुसरी कुठली? २०१४ ची. घेतली ती घेतली, छोट्या हत्तीचं मी विचारलेलं नाही. बसवू का?

लेथवाला_लालबाग
बसवू नका. डुगडुगतो म्हणजे आटे जुळत नाहीत. फिल्टरमध्ये दोन आटे नेहमी दिसतात: एक पाऊण इंची, इंचाला १६ आटे, दुसरा २० मिलिमीटरचा, दीडच्या पिचचा, म्हणजे दोन आट्यांमध्ये दीड मिमी अंतर. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी. तेवढ्या स्टडवर, म्हणजे इंजिन ब्लॉकवरच्या ज्या आट्याच्या दांड्यावर फिल्टर फिरवून बसवतात त्यावर, २० चा फिल्टर चढतो, रबर टेकलं की हाताला घट्टही लागतो, पण आटे फक्त टोकाटोकाला धरलेले असतात. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की ऑइल जाड असतं, प्रेशर सगळ्यात जास्त तेव्हाच. ऐरोली पुलावर फिल्टर सुटला तर सगळं ऑइल रस्त्यावर, आणि इंजिन जाम व्हायला फार वेळ लागत नाही. उलटं होत नाही, पाऊण इंची फिल्टर २० च्या स्टडवर चढतच नाही. व्हर्नियर असेल तर ब्लॉकवरचा स्टड बाहेरून मोजा. १९ च्या आत भरला तर पाऊण इंची, १९.८ च्या आसपास भरला तर २० चा.

टेम्पो_युनियन
एवढा बाऊ कशाला? माझ्या टेम्पोला हाताला लागेल तो फिल्टर लावत आलोय. पत्र्याचा डबा आणि आत घडीचा कागद, त्यात काय शास्त्र?

लेथवाला_लालबाग
युनियनसाहेब, त्या डब्यात दोन व्हॉल्व्हसुद्धा असू शकतात. एक बायपासचा: कागद चोंदला की ऑइल न गाळता का होईना पण पुढे जाऊ देतो. काही इंजिनांत तो ब्लॉकमध्येच असतो, काहींत फिल्टरमध्ये. जिथे हवा तिथे नसेल तर बेअरिंगला ऑइल कमी पडतं. दुसरा म्हणजे रबराचा पडदा, गाडी उभी असताना ऑइल परत चेंबरमध्ये उतरू नये म्हणून. बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात.

टेम्पो_युनियन
माझं इंजिन अजून उघडलेलं नाही, एवढंच सांगतो.

ठाणेकर_काका
न उघडल्यामुळेच कळलेलं नाही.

मुलुंड_भाजीपाला
थांबा, पडद्यावरून आठवलं. ही गाडी सकाळी पहिला स्टार्ट मारला की ऑइलचा लाल दिवा लगेच जात नाही आणि वरून टकटक ऐकू येते. मग टकटक थांबते. आधीचा मालक म्हणाला, डिझेलला असतंच.

ठाणेकर_काका
अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं!

लेथवाला_लालबाग
मग जुना फिल्टरही बरोबर होता असं धरून चालू नका. पडदा नसला किंवा कडक झाला की रात्रभरात फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी तो भरेपर्यंत इंजिन कोरडं फिरतं. म्हणजे जुना डबा घेऊन 'असाच द्या' म्हणत दुकानं फिरू नका. आणि ब्लॉकवरच्या बैठकीवर बोट फिरवून बघा, जुन्या फिल्टरचं रबर तिथेच चिकटून राहिलेलं नाही ना. रबरावर रबर बसलं की तिथूनच फवारा उडतो.

मुलुंड_भाजीपाला
होतं! काळं, बैठकीच्याच रंगाचं झालेलं, अर्धं निघालं आणि अर्धं नखाने खरवडावं लागलं. मेकॅनिकने पाहिलंच नव्हतं.

कुर्ला_डेपो
पासिंग कुठली आहे?

मुलुंड_भाजीपाला
एमएच ११. त्याने काय फरक पडतो?

कुर्ला_डेपो
पडू शकतो. धुराच्या प्रदूषणाचे नियम बघा: मुंबईत २०१० पासून बीएस फोर, देशभर सक्ती झाली एप्रिल २०१७ ला. मधल्या काळात राज्यात बऱ्याच ठिकाणी त्याआधीच्या नियमाच्या, बीएस थ्री गाड्या पासिंग होत होत्या. नाव तेच, साल तेच, आतलं सामान वेगळं असू शकतं. मुंबईतला दुकानदार 'पिकअप २०१४' ऐकून सवयीने हात घालतो तोच डबा देतो. चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या पार्ट्स काउंटरवर जा, ते कॉम्प्युटरवर बघून पार्ट नंबर देतात.

आरटीओ_अनुभवी
साताऱ्याची गाडी आहे तर ट्रान्सफर केलंत का? फॉर्म २९, ३०. घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. नाहीतर ई-चलन जुन्या मालकाला आणि त्याचे फोन तुम्हाला.

मुलुंड_भाजीपाला
एजंटकडे दिलंय. फिल्टरचं बोला.

सीएनजी_झिंदाबाद
विकायची झाली तर सांगा, माझ्या ओळखीचा डीलर आहे.

मुलुंड_भाजीपाला
आज माल शेजाऱ्याच्या टेम्पोतून आणला, भाडं गेलं ते गेलंच. काउंटरवर चेसिस नंबर दिला, शिक्का-होलोग्रामवाला ओरिजिनल फिल्टर आणला. तोही डुगडुगतो! स्टड मोजला, १८.९. आता कंपनीही चुकली का?

टेम्पो_युनियन
बघा, ओरिजिनल ओरिजिनल करून काय मिळालं. टेप लावा, चला.

लेथवाला_लालबाग
टेप लावू नका. चेसिस नंबरवरून आणलेला फिल्टर बसत नाही, तर एक शंका येते. फडकं आणि थोडं डिझेल घेऊन ब्लॉकवरचा इंजिन नंबर पुसून काढा आणि आरसी बुकाशी ताडून बघा.

मुलुंड_भाजीपाला
टॉर्च मारून पाहिला. शेवटचे चार आकडे वेगळे आहेत, सुरुवातीची अक्षरंही वेगळी. हे काय आता?

कुर्ला_डेपो
इंजिन बदललंय कुणीतरी. स्क्रॅपमधलं दुसऱ्या गाडीचं बसवलेलं असणार. म्हणून चेसिसचा फिल्टर त्याला होत नाही.

आरटीओ_अनुभवी
आता माझं ऐका. इंजिन बदललं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. नोंद नसताना ट्रान्सफर पुढे रेटू नका, इन्स्पेक्शनला नंबर घासून बघतात. विम्याचा क्लेम आला की तेही हेच धरतात. एजंटला आजच फोन करून कागद थांबवा. आधीच्या मालकाकडे त्या इंजिनाचं बिल मागा, लेखी. बिल नसेल तर इंजिन कुठून आलं हा प्रश्न तुमच्या गळ्यात पडेल.

ठाणेकर_काका
आणि पैसे पूर्ण दिले असतील तर पोलिसांत तक्रार.

टेम्पो_युनियन
पोलिसांत गेला की गाडी आधी चौकीत जमा, काका. भाजी काय डोक्यावरून आणणार?

मुलुंड_भाजीपाला
मालकाला फोन लावला, उचलत नाहीये. एजंटला थांबवलंय. पण उद्याचं काय? फिल्टर कुठला आणू ते सांगा ना कुणीतरी.

लेथवाला_लालबाग
त्याच काउंटरवर आता ब्लॉकवरचा इंजिन नंबर सुरुवातीच्या अक्षरांसकट द्या, फोटो काढून न्या. त्यावरून इंजिन कुठल्या मॉडेलचं ते कळलं की फिल्टर मिळेल. नवीन फिल्टर काउंटरवरच व्हर्नियरने आतून बघून घ्या. बसवताना रबराला ऑइल लावा, रबर टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा, पाना नको. सुरू करून रेस न करता खाली वाकून बघा, मग बंद करून डिपस्टिक बघा, फिल्टर भरल्यावर पातळी उतरते तेवढं ऑइल वरून घाला.

सीएनजी_झिंदाबाद
किती ग्रेडचं ऑइल घालताय? मी सगळीकडे सिंथेटिकच सांगतो.

मुलुंड_भाजीपाला
काउंटर साडेदहाला उघडतो. फोटो काढलेत. बिलाचं मालकाला व्हॉट्सॅपवर लिहिलंय, दोन निळ्या टिका आल्या आहेत, उत्तर नाही.