'गोठलेली पिल्ले' म्हणावं का?

चौकस : एका लेखात वाक्य आहे, 'कासवाची गोठलेली पिल्ले वसंतात जिवंत बाहेर येतात.' खटकतंय. गोठलं म्हणजे संपलंच ना? 'गारठलेली' चालेल?

रानवारा : गारठणं नको. ते समुद्री कासवांचं होतं. पाणी साधारण १० अंशांखाली गेलं की त्यांना पोहता येईनासं होतं, नुसती तरंगत राहतात. तुमचा लेख बहुधा उत्तर अमेरिकेतल्या पेंटेड टर्टलवरचा असावा. त्यांची पिल्ले उन्हाळा सरताना अंड्यातून निघतात, पण हिवाळाभर घरट्यातच राहतात, मातीखाली दहाएक सेंटिमीटरवर. तिथे पारा शून्याच्या बराच खाली उतरतो, आणि गंमत म्हणजे ती सहसा गोठतच नाहीत. अंगातलं पाणी द्रवच राहतं. याला अतिशीतन म्हणतात.

शब्दवेडा : 'थिजलेली' कसं वाटतं? रक्त थिजतं म्हणतोच की आपण.

रानवारा : रक्त थिजतं ते भीतीनं! थिजणं म्हणजे घट्ट होणं, तेल थिजतं तसं. इथे तर सगळा खेळ घट्ट न होण्याचा आहे. बर्फ धरायला आधी एखादा कण लागतो. तो आत नसेल तर पिल्लू उणे १० अंशांनाही तगू शकतं. पण मातीतला बर्फाचा स्फटिक कातडीतून आत शिरला, की त्याच्याभोवती बर्फ पसरत जातो. इतक्या थंडीत हे झालं तर पिल्लू मेलंच. कातडीतला स्निग्ध थर हा शिरकाव बऱ्यापैकी रोखतो.

चौकस : म्हणजे लेखातलं 'गोठलेली' सरळ चूक?

रानवारा : अगदीच नाही. गोठणं उणे एक-दोन अंशांवरच सुरू झालं आणि सावकाश झालं, तर बर्फ पेशींच्या बाहेर राहतो. अंगातल्या निम्म्या पाण्याचा बर्फ होऊनही पिल्लू वाचू शकतं. मात्र उणे चारच्या आसपास ही सहनशक्ती संपते. म्हणून लेखात तापमान दिलंय का ते आधी बघा.

शब्दवेडा : मग 'शीतनिद्रेतली पिल्ले' लिहून मोकळे व्हा.

रानवारा : ढोबळ लेखात खपेल. पण झोप म्हटलं की आराम डोळ्यांपुढे येतो. इथे हृदयाचे ठोके अगदी विरळ होतात, ऑक्सिजन पुरत नाही, अंगात लॅक्टिक आम्ल साठत जातं.

चौकस : उणे आठ दिलंय. 'अतिशीत पिल्ले' करते.

शब्दवेडा : नको हो, वाचणारा 'फार थंड' एवढंच समजेल. सरळ 'शून्याखालीही न गोठलेली' लिहा.