जुनं न होणारं गाणं : तुमचे अनुभव सांगा

परवा फरशी पुसताना कानात हेडफोन होते आणि मध्येच ॲबा या स्वीडिश बँडचं ‘द विनर टेक्स इट ऑल’ लागलं. हातातलं काम राहिलं. इंग्रजी धड कळत नव्हतं तेव्हापासून हे गाणं ऐकतोय, तरी दर वेळी तिसऱ्या कडव्याच्या आसपास माझं काहीतरी बिनसतं.

गाणं १९८० चं. बँडमधले ब्यॉर्न आणि आग्नेता हे नवरा-बायको वेगळे झाले, त्यानंतर ब्यॉर्नने हे शब्द लिहिले आणि गायला दिले आग्नेतालाच! ही आमची गोष्ट जशीच्या तशी नाही, असं तो पुढे सांगत राहिला. मग यातलं दुःख नक्की कोणाचं? लिहिणाऱ्याचं, गाणारीचं, की ओलं फडकं हातात घेऊन खाली बसलेल्या माझं?

तर कुठलं पॉप गाणं किंवा अख्खा अल्बम तुमच्यासाठी अजून शिळा झालेला नाही? तो खरा का वाटतो? ‘चाल गोड आहे’ एवढ्यावर सुटका नाही. (खाली वेगवेगळ्या लोकांची उत्तरं.)

*

मी हौशी ड्रमर. टिकणारं गाणं म्हणजे एक गिटार, एक आवाज, बाकी भपका नको, असं मीही छातीठोकपणे सांगायचो. ऐंशीच्या दशकातला तो धाडकन येऊन कात्रीने कापल्यासारखा थांबणारा स्नेअर ड्रम ऐकला की मी नाक मुरडायचो. १९८३ ला आलेल्या यामाहा डीएक्स-७ या सिंथेसायझरचा काचेसारखा पियानो तर दोन सुरांत ओळखू येतो. ‘तारीख छापलेली गाणी’ म्हणायचो मी त्यांना.

गायिका केट बुशच्या ‘रनिंग अप दॅट हिल’ने माझी जिरवली. १९८५ चं गाणं. फेअरलाइट सँपलर (आवाज साठवून सुरांत वाजवणारं यंत्र) आणि ड्रम मशीन, म्हणजे तारीख अगदी ठसठशीत छापलेली. २०२२ मध्ये एका मालिकेत वाजलं आणि सदतीस वर्षांनी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. माझ्या भाच्याने विचारलं, “मामा, ही नवीन आहे का कोणी?”

आम्ही ते बँडमध्ये बसवायला घेतलं तेव्हा मला खरी गोम कळली. ड्रम्सची ती घोडदौड पाचेक मिनिटं जवळपास तशीच चालते. हात शिवशिवतात, एखादा रोल टाकावासा वाटतो. टाकला की गाणं पडतं. आम्ही दोनदा पाडलंय. त्या बाईचं मागणं एकच आहे, देवाशी सौदा करून आपण दोघांनी जागा बदलाव्यात, आणि खालचा ठेका त्या मागण्यावरून एक क्षण लक्ष उडू देत नाही. तारीख छापलेली असो नसो, माझ्या हाताची हौस त्यात बसत नव्हती एवढं खरं.

*

रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग हे माझं रोजचं काम. एका मैत्रिणीने आई गेल्यावर एक गाणं लिहिलं होतं. मी जीव ओतून साफ केलं: श्वास काढले, शेवटच्या ओळीतला उतरलेला सूर पिच करेक्शनने वर घेतला, शब्द ठेक्यावर बसवले. तिने ऐकलं आणि म्हणाली, “छान झालंय गं. कोण गायलंय?”

मी रात्री परत फाइल उघडली आणि एकेक श्वास जागेवर ठेवला. उतरलेला सूरही. तो उतरला होता कारण तिथे तिला पुढचं गायचंच नव्हतं, आणि हे मला आधीच ऐकू यायला हवं होतं.

अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘नेब्रास्का’ अल्बमचा किस्सा आमच्या धंद्यात फार सांगितला जातो. घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केलेली कच्ची गाणी. नंतर स्टुडिओत बँडला घेऊन करून पाहिली, पण ती बात येईना. शेवटी १९८२ मध्ये ती कॅसेटच अल्बम म्हणून बाहेर आली. मात्र घरगुती म्हणजे प्रामाणिक, असा निष्कर्ष कृपया काढू नका. माझ्याकडे घरगुती रेकॉर्डिंगं येतच असतात, बहुतेक नुसतीच घरगुती असतात. उलट १९९८ मधल्या गायिका शेरच्या ‘बिलीव्ह’मध्ये सूर दुरुस्त करणारं ऑटोट्यून मुद्दाम टोकाला नेलंय, आवाज पार यंत्राचा होतो, आणि तरी ती बाई मोडून पुन्हा उभी राहतेय हे कळतं.

*

गायिका ट्रेसी चॅपमन, ‘फास्ट कार’, १९८८. बारीकसारीक तपशिलासाठी. यातली मुलगी दुकानात गल्ल्यावर काम करते, बाप दारू पितो, आई सोडून गेलीय. ‘गरिबी’ हा शब्द कुठेही नाही. २०२३ मध्ये ल्यूक कोम्ब्स या कंट्री गायकाने ते पुन्हा गायलं. पुरुष असून गल्ल्यावरची ‘मुलगी’ त्याने तशीच ठेवली. मी स्वतः चार वर्षं गल्ल्यावर उभी होते. तो शब्द बदलला असता तर मी ते गाणं बंद केलं असतं.

*

थोडं विरजण घालतो. तुम्ही सगळे ‘भोगलेलं’ शोधताय. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीला ‘यस्टरडे’ची चाल झोपेत सुचली. आपण कोणाची तरी चोरली तर नाही ना, म्हणून तो लोकांना ऐकवून विचारत फिरला. शब्द नव्हते तेव्हा त्या जागी ‘स्क्रॅम्बल्ड एग्ज’ (अंड्याची भुर्जी) गुणगुणत होता! १९६५ ला रेकॉर्ड झालं तेव्हा वय बावीस. बावीस वर्षांच्या पोराचा कसला आलाय भूतकाळ?

आणि तरीही माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश झाल्यावर, नावं गेली तरी, हे गाणं ते शेवटपर्यंत म्हणत. त्याचं काय उत्तर द्यायचं, मला सुचलेलं नाही.

*

फ्लीटवूड मॅक या बँडचा ‘रूमर्स’ अल्बम (१९७७). बँडमधली दोन जोडपी एकाच वेळी फुटत होती हे सगळ्यांना माहीत असतं. मला वेगळंच सांगायचंय.

मी आणि माझा त्या वेळचा नवरा एकाच गायनवृंदात होतो. वेगळे झालो, पण कार्यक्रम ठरलेले होते. तो मुख्य आवाज, मी त्याच्यावर सेकंड, म्हणजे जोडीचा दुसरा सूर. सेकंड लावायची म्हणजे समोरच्याच्या श्वासावर श्वास घ्यावा लागतो. तो ओळ कुठे सोडणार, कुठला स्वर किंचित लांबवणार, हे आधी ओळखावं लागतं. ज्या माणसाशी किल्ल्या कोणाकडे राहणार यावर वकिलामार्फत बोलत होते, त्याच्या छातीकडे बघत मी दीड तास उभी राहायचे.

‘गो युवर ओन वे’ बँडमधल्या लिंडसी बकिंगहॅमने त्याच बँडमधल्या स्टीव्ही निक्सला उद्देशून लिहिलं. त्यातली एक ओळ तिला साफ खोटी वाटत होती, ती काढ म्हणून तिने सांगितलं, त्याने काढली नाही. आणि त्या गाण्यात मागे आवाज कोणाचा आहे? तिचाच. आता ते ऐकताना मला पुढचा आवाज ऐकूच येत नाही. तिचं स्वतःचं ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ अल्बममधून वगळलं गेलं आणि ‘गो युवर ओन वे’च्याच एकेरी तबकडीच्या पाठीमागच्या बाजूला गेलं. अपमानाची इतकी नेटकी मांडणी मी दुसरी पाहिलेली नाही.

हा अल्बम शफलवर ऐकू नका, एवढं मात्र विनवून सांगते. एकाचा आरोप आणि दुसऱ्याचं उत्तर पाठोपाठ यायला हवं.

*

गायिका जोनी मिचेलचं ‘बोथ साइड्स नाऊ’. १९६९ चं रेकॉर्डिंग आणि २००० चं, दोन्ही लागोपाठ ऐका. पहिल्यात पंचविशीचा उंच, पातळ आवाज आणि गिटार. दुसऱ्यात पंचावन्न ओलांडलेला, खर्जात उतरलेला, धुराने काळवंडलेला आवाज आणि मागे अख्खा ऑर्केस्ट्रा. शब्द तेच. मला पहिलंच जास्त आवडतं, हे कबूल करायला जरा लाज वाटते, कारण सगळे दुसऱ्यावर रडतात. पण एवढ्या लवकर आयुष्य कळल्यासारखं गाणाऱ्या मुलीचा तो आव, तोच मला खरा वाटतो. मीही त्या वयात तसाच बोलायचो.

*

माझ्याकडे गायिका कॅरोल किंगच्या ‘टॅपेस्ट्री’ अल्बमची (१९७१) कॅसेट होती. त्यातलं ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ तिने अठराव्या वर्षी, १९६० मध्ये, नवऱ्याबरोबर दुसऱ्या गायिकांसाठी रचलं होतं. इथे ती ते स्वतः, सावकाश गाते. नेमकी त्याच गाण्यात फीत अडकून तुटली. मी ती सेलोटेपने जोडली, त्यात मधले दोन शब्द गेले. पुढे वर्षानुवर्षं तसंच ऐकलं आणि स्वयंपाक करताना तसंच म्हणत राहिलो.

आता फोनवर गाणं पूर्ण वाजतं तेव्हा ते दोन शब्द आगंतुकासारखे वाटतात. माझ्या मुलीने ती कॅसेट पाहिलेली नाही, पण गाणं ती माझ्याकडून शिकली. कालच केस विंचरताना म्हणत होती आणि नेमक्या त्या जागी दोन शब्द गाळून पुढे गेली. मी काही बोललो नाही.