एवढ्याशा गावात प्रोफेशनल क्लब टिकला कसा? (एफसी व्होलेंडाम)

डावापाय: आयाक्स, पीएसव्ही, फेयेनूर्ड हे तीन मोठे क्लब सोडून बाकीचं डच फुटबॉल बघायला लागलोय आणि व्होलेंडामवर अडकलोय. वीस-बावीस हजार वस्तीचं गाव, मोठी ट्रॉफी एकही नाही, तरी लोकांचा एवढा जीव का? कोणी नीट सांगेल का?

सेंटरहाफ: अरे हे मूळचं मच्छीमारांचं गाव, कट्टर कॅथलिक. क्लब सुरू झाला 1920 ला, नाव होतं व्हिक्टोरिया, मग आरकेएसव्ही (म्हणजे रोमन कॅथलिक क्रीडा संघ) व्होलेंडाम झालं आणि 1977 ला प्रोफेशनल टीम वेगळी होऊन एफसी व्होलेंडाम. 1932 ला समुद्रावर मोठा बांध घातला, खाडीचं गोड्या पाण्याचं तळं झालं, मासेमारीचं जुनं जग बदललं पण गाव एकमेकांना धरूनच राहिलं. तिथे आडनावं पण मोजकीच बघ, टोल, व्हीरमन, शिल्डर, म्यूरेन, योंक. टीम लिस्ट वाचली की अख्खं गाव वाचल्यासारखं वाटतं. डिक टोल 1961-62 ला 27 गोल मारून एरेडिव्हिजीचा, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगचा टॉप स्कोअरर होता, गावच्या क्लबकडून! मला तरी हे कुठल्याही कपपेक्षा मोठं वाटतं.

ऑफसाइड_नव्हता: ट्रॉफीच्या जवळ दोनदा गेले होते रे, 1958 ची डच कप फायनल स्पार्टा क्लबकडून 4-3 हरले आणि 1995 ची फेयेनूर्डकडून 2-1. बाकी वरच्या लीगमध्ये जाणं, परत खालच्या लीगमध्ये येणं चालूच, 2003 ला वर 2004 ला खाली, 2008 ला वर 2009 ला खाली, 2022 ला वर 2024 ला खाली, आणि 2025 ला दुसऱ्या डिव्हिजनचे चॅम्पियन होऊन परत वर. तिथले फॅन खाली गेले म्हणून क्लब सोडत नाहीत, हेच मला आवडतं.

डावापाय: वा, मस्त. म्यूरेन म्हणजे 1988 च्या युरो फायनलमध्ये व्हॅन बास्टनने हवेतल्या हवेत मारलेल्या त्या गोलसाठी बाजूने क्रॉस (पास) देणारा?

सेंटरहाफ: हो तोच, आर्नोल्ड. त्याचा मोठा भाऊ गेरी आयाक्सकडून 1971 ते 73 तिन्ही युरोपियन कप जिंकला, 1973 ला रिआल माद्रिदच्या मैदानावर भर मॅचमध्ये बॉल हवेत उडवत खेळला होता. दोघांची सुरुवात व्होलेंडामलाच. विम योंक पण इथूनच आयाक्स आणि मग इटलीच्या इंटर मिलानला गेला, आणि 2022 ला क्लबला वर आणलं तेव्हा कोच तोच होता. चांगली पोरं मोठे क्लब घेऊन जातात ते आहेच, पण असा कोणी परत येतो ना, त्यात सगळं आलं.