ठाण्याहून योकोहामाला शिफ्ट होतोय, पहिल्या महिन्यात काय काय करायचं?

घोडबंदरकर७:
मंडळी, नवऱ्याला कंपनीने योकोहामाला पाठवलंय, मी आणि मुलगा (वय ५) पुढच्या महिन्यात जातोय. कंपनी म्हणते घर बघून देऊ, बाकी तुम्ही बघा. बाकी म्हणजे नक्की काय ते कोणी सांगेल का? सासूबाईंनी मिक्सर, कुकर, गोडा मसाला, कढीपत्ता आणि दहा किलो आंबेमोहोर असं सगळं बांधायला काढलंय, त्यातलं काय चालेल?

ऐरोली_सेक्टर_आठ:
ताई, आम्ही तिकडे राहून आलोय. सगळ्यात आधी वॉर्ड ऑफिस. विमानतळावर रेसिडन्स कार्ड मिळतं, घरी राहायला गेल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसला जाऊन त्याच्या मागे पत्ता लिहून घ्यायचा. हे झालं की मग बँक, फोन, मुलाची शाळा सगळं सुरू होतं, त्यामुळे पडदे-बिडदे नंतर, आधी हे. तिघांचेही पासपोर्ट आणि कार्ड न्या, आणि मॅरेज सर्टिफिकेट, मुलाचा जन्मदाखला जपानी भाषांतरासकट इथूनच घेऊन जा, नवरा-बायको-मुलगा असं नातं नोंदवायला ते मागतात आणि तिथून टीएमसीला (ठाणे महापालिकेला) फोन लावत बसणं म्हणजे विचारूच नका.
इन्शुरन्स बहुतेक कंपनीचाच असेल, मग तुम्ही आणि मुलगा नवऱ्याच्या इन्शुरन्सवर डिपेंडंट. डॉक्टरकडे मोठ्यांनी बिलाच्या ३० टक्के भरायचे, शाळेत जायच्या आधीच्या मुलांचे २० टक्के, आणि लहान मुलांना महापालिकेकडून वर मदत असते त्याचा फॉर्म त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसात विचारा.

खारघर_हिल्स:
कचऱ्याबद्दल कोणीच बोललं नाही अजून 😄 आपल्याकडे ओला-सुका म्हटलं तरी सोसायटीत भांडणं होतात. तिथे जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या-डबे वेगळे, प्रत्येकाचा वार ठरलेला, योकोहामात सकाळी ८ च्या आत ठेवायचा, आदल्या रात्री नाही. चुकीचं टाकलं तर पिशवी स्टिकर लावून तिथेच राहते आणि शेजारीपाजारी बघतात. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका, कागदात शोषून जळणाऱ्यात. सोफा, गादी वगैरे मोठ्या वस्तूंना आधी बुकिंग करून पैसे भरावे लागतात, म्हणून आल्याआल्या स्वस्तातलं फर्निचर भरू नका, टाकताना त्रास.

घोडबंदरकर७:
बापरे. आणि कुकर-मिक्सर?

खारघर_हिल्स:
मिक्सर ठेवा घरी. तिकडे १०० व्होल्ट, आपला २३० चा, फिरेल पण चटणी होणार नाही. ट्रान्सफॉर्मर मिळतो पण तो मिक्सरपेक्षा जड. कुकर आधी घरात गॅस आहे की इंडक्शन ते विचारून न्या, साधा ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर चालत नाही. आणि गॅस असला तरी शेगडी सहसा स्वतःची घ्यावी लागते, कनेक्शन चालू करायला माणूस येतो तेव्हा घरी कोणीतरी हवं.

ऐरोली_सेक्टर_आठ:
मिक्सरबद्दल मी सहमत नाही, आमचा चालायचा ट्रान्सफॉर्मरवर, पण मोठा वॅटवाला घ्या. कढीपत्ता आणि तांदूळ मात्र नाहीच, ताजं काही आणि धान्य सर्टिफिकेटशिवाय नेता येत नाही, हापूसही नाही. मांस घातलेलं लोणचं-बिणचं तर अजिबात नाही. गोडा मसाला न्या, बंद पाकिटात. तांदूळ-डाळ तिकडच्या भारतीय दुकानांत मिळते, टोकियोतल्या निशिकासाईला तर आपली वस्तीच आहे, ऑनलाइनही मागवता येतं. औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीची महिनाभराची, साधी दोन महिन्यांची, चिठ्ठी सोबत ठेवा.

कोपरीकर:
एक पैशाची गोष्ट. रेसिडेंट टॅक्स (तिथला स्थानिक कर) आदल्या वर्षीच्या कमाईवर लागतो आणि जूनपासून कापतात, म्हणजे पहिल्या वर्षी काहीच नाही आणि दुसऱ्या वर्षी पगार अचानक कमी दिसतो, नवऱ्याला आत्ताच सांगून ठेवा नाहीतर एचआरशी वाद घालेल. पोलीस ११०, ॲम्ब्युलन्स ११९, मुलाला पाठ करून घ्या. भूकंपात जायची जागा बहुधा जवळची शाळाच असते, पहिल्या रविवारी चालत जाऊन बघून या.

घोडबंदरकर७:
सगळ्यांना थॅंक्यू 🙏 दाखल्यांचं भाषांतर कोणा ऑथराइज्ड माणसाकडूनच लागतं का? ठाण्यात कोणी करतं का?

ऐरोली_सेक्टर_आठ:
वॉर्ड ऑफिसला सहसा कोणीही केलेलं चालतं, खाली करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख हवी. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या जपानी सहकाऱ्याला सांगा, फुकटात होईल.