अनुभव धागा : निघालो कुठून, पोचलो कुठे

टाकसाळ :
आजीच्या डब्यात चांदीचे नऊ रुपये निघाले. राणीछाप रुपया तोळाभर म्हणजे ११.६६ ग्रॅमचा हवा. सोनाराच्या काट्यावर घातले तर काही हलके भरले. "झिजलेत," तो म्हणाला. किती फिरल्यावर किती झिजतात, हे शोधताना दामोदर धर्मानंद कोसंबी भेटले. हा गणिती माणूस तक्षशिलेची आहत नाणी, म्हणजे ठसे मारून केलेली प्राचीन नाणी, तोलून, झिजेवरून त्यांचा काळक्रम लावत होता. त्यासाठी त्यांनी त्यांच्या काळात चलनात असलेली नाणीही तोलली. तिथून मी १८९३ वर आलो. त्या वर्षी सरकारनं लोकांच्या चांदीचे रुपये टांकसाळीत पाडून देणं बंद केलं आणि रुपया आतल्या चांदीहून महाग झाला. त्या वादात शिरलो तर समोर बाबासाहेबांचा १९२३ चा रुपयावरचा प्रबंध. अर्थशास्त्र मी कॉलेजात टाळलं होतं. तो प्रबंध पेन्सिल घेऊन चार महिने वाचला, आणि असं सुख फार कमी पुस्तकांनी दिलंय.

तुमचंही असं झालं असेल तर लिहा. काय वाचलंत यापेक्षा कुठून निघालात ते आधी सांगा.

शिंदी :
मी जळगाव जिल्ह्यात मराठी शिकवते. बहिणाबाईंची खोप्याची कविता शिकवत होते. सातवीतला एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, खोपा नर बांधतो. आमच्या विहिरीवर या बघायला."

गेले. जुलै होता, विहिरीवर वाकलेल्या शिंदीला पंधरा-वीस खोपे लोंबत होते. पिवळ्या टोपीचा नर पात्याची चिरफळी काढून आणायचा आणि उलटा लटकून विणायचा. खोपा अर्धा झाला की मादी येऊन आत बसायची, चोचीनं ओढून बघायची. बहुतेकदा उडून जायची. एकदा मात्र ती राहिली, आणि मग नरानं खालची लांब नळी विणायला घेतली. मी तिथे सलग सहा रविवार बसले.

नंतर कळलं, सलीम अलींनी अलिबागजवळ किहीमला हेच पाहिलं होतं. नर एक खोपा मादीच्या स्वाधीन करतो आणि दुसरा विणायला घेतो, हे त्यांनी १९३० च्या सुमारास लिहून ठेवलंय.

"मग बहिणाबाई चुकल्या का?" पोरांनी विचारलं. मी रात्रभर त्यावर विचार केला. आपल्या भाषेनं पाखराचं नावच सुगरण ठेवलंय. अंडी उबवणं आणि पिलांना भरवणं हे बहुतेक मादीच करते. बहिणाबाईंनी त्या झोक्यात आईचे कष्ट पाहिले, आणि ते तिथे आहेत. आता मी कविता आणि विहीर दोन्ही शिकवते.

टाकसाळ :
शिंदीताई, त्या मुलाला माझा नमस्कार सांगा.

जवारी :
मी वीज खात्यातला. मिरजेला बदली झाली आणि तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीजवळ खोली मिळाली. हे काम तिथे शिकलगारांनी सुरू केलं, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी. एक चाचा घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवायचे आणि बसका आवाज एकदम उमलायचा. "जवारी लागली," म्हणायचे. का लागते, हे मी त्यांना दहादा विचारलं असेल. ते दोरा माझ्या हातात द्यायचे.

उत्तर सी. व्ही. रामन यांच्या १९२१ च्या लेखात मिळालं. तार बरोबर मध्यावर छेडली तर काही उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे स्वर, निघायलाच नकोत, कारण त्यांचा स्थिर बिंदू तिथेच असतो. तंबोऱ्यात ते तरीही निघतात. घोडी सपाट नसून किंचित बाकदार आहे, तार तिला घासत सुटते, त्यातून हे होतं. तबल्याच्या शाईमुळे उपस्वर सुरात कसे बसतात, तेही रामन यांनी त्याआधी दाखवलं होतं. मोबाइलवर आवाजाचा आलेख चाचांना दाखवला. दोरा जागेवर आला की वरच्या रेघा उभ्या राहायच्या. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "हे कानाला आधीच दिसतं." त्याच महिन्यात मी गाणं शिकायला लागलो. वय तेव्हा सेहेचाळीस.

अबोली :
माझं छोटंसं. आमचं गाव विजयदुर्गाजवळ. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात हेलियम आमच्या किल्ल्यावर सापडला, असं ऐकतच वाढले. वर्गात सांगायचं म्हणून नीट शोधलं तर ग्रहण पाहायला आलेले फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन गुंटूरला होते, आणि इंग्रज खगोलज्ञ लॉकियर यांनी सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेघ ऑक्टोबरात इंग्लंडमधून पाहिली, ग्रहण नसताना. बाबांना सांगताना जीभ जड झाली. किल्ला दाखवायला येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगायचे. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "गुंटूर कुठं आलं? नकाशा काढ." डिसेंबरात आम्ही दोघं जाऊन आलो.