मदत हवी आहे: ९-० असूनही संघ बंद का पडला? (अर्जंट)

तिखटमीठ:
मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय, आज रात्री बाराच्या आत द्यायचाय. विषय १९५१ सालची सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाची फुटबॉल टीम. सीझन ९-० आणि तरी एकाही बोलमध्ये घेतलं नाही, वर विद्यापीठाने टीमच बंद केली. मी लिहिलंय, 'वर्णद्वेषामुळे संघ बंद पडला.' संपादक म्हणतात कारण पैसा होता, वाक्य काढा. कोण बरोबर? आणि 'बोल'ला मराठीत काय लिहू? कृपया 'गूगल कर' म्हणू नका, दोन दिवस तेच चाललंय.

कट्ट्यावरचा_बाळ्या:
९-० म्हणजे नऊ गोल?? समोर गोलकीपर होता की नाही? बाकी १९५१ म्हटलं की आपल्याला दिल्लीचं एशियाड आठवतं. फायनलला इराणला १-० हरवलं, कप्तान शैलेन मन्ना. त्यावर लिहा की.

तिखटमीठ:
अहो, अमेरिकन फुटबॉल! मला वाटलं सॅन फ्रान्सिस्को म्हटल्यावर कळेल. नऊ सामने, नऊ विजय, हार शून्य. गोल विसरा.

गवती_चहा:
बोलला वाडगा लिहिलंत तर लोक रेसिपी समजतील. 'बोल'च ठेवा आणि कंसात 'सीझन संपल्यावर आमंत्रण देऊन खेळवतात तो मोठा सामना'. मैदानं वाडग्यासारखी खोलगट, म्हणून ते नाव.

खतावणी:
आधी पूर्ण सांगा. आमंत्रण नाही, की अट घालून आमंत्रण? दोन्हींत फरक आहे.

तिखटमीठ:
अट. ओली मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोघे काळे खेळाडू. दक्षिणेतल्या बोलवाल्यांचा निरोप असा की त्या दोघांना घरी ठेवून या. बाकीच्या पोरांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. लेखच त्यावर आहे, म्हणून इथे लिहिलं नाही.

खतावणी:
जी मुख्य गोष्ट तीच गाळलीत! असो. संपादक पूर्ण चुकीचे नाहीत. छोटं जेझुइट (ख्रिस्ती धर्मसंघाचं) कॉलेज, फुटबॉलचा खर्च झेपत नव्हता, तूट आधीपासूनच होती. शिवाय त्यांचं वेळापत्रक बघा: सॅन होजे स्टेटशी दोनदा, वर कॅम्प पेंडलटनचे मरीन आणि सॅन दिएगोचं नौदल प्रशिक्षण केंद्र. असल्या टीमा मारून बोलवाले कशाला विचारतील?

केझारचा_शेजारी:
खतावणी, हे काही पटलं नाही. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डम विद्यापीठाला ३२-२६ हरवलं, मॅटसनने दोन किकऑफ (डाव सुरू करताना लाथाडलेला चेंडू) झेलून थेट टचडाऊनपर्यंत, म्हणजे समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार, नेले. वर्षभरात चेंडू घेऊन १,५६६ यार्ड धावला, देशात पहिला! मोठ्या टीमा यांच्याशी खेळायला तयार नव्हत्या हेही धरा. ती टीम म्हणजे खाण होती: मॅटसन, जीनो मार्केट्टी, बॉब सेंट क्लेअर, तिघेही पुढे प्रो (व्यावसायिक) फुटबॉलच्या हॉल ऑफ फेम या मानाच्या यादीत. टीमची प्रसिद्धी बघणारा पोरगा पीट रोझेल पुढे एनएफएलचा (अमेरिकेतल्या प्रो फुटबॉल लीगचा) कमिशनर, म्हणजे प्रमुख, झाला. गुडघा गेला म्हणून टोलरचं खेळणं संपलं, तर १९६५ साली तो एनएफएलचा पहिला काळा पंच झाला.

यांचं मैदान केझार. माझं पहिलं भाड्याचं घर तिथून दोन गल्ल्या. जुनं स्टेडियम १९८९ साली पाडलं. आता छोटं मैदान आहे, सकाळी आजोबा लोक कानटोप्या घालून ट्रॅकवर चालतात. मीही चालायचो. तिथे काय झालंय ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

खतावणी:
यार्ड मोजून तूट भरत नाही हो.

केझारचा_शेजारी:
बोलच्या पैशाने भरली असती ना! तेच तर म्हणतोय.

लाल_माती:
१९५२, हेलसिंकी! याच मॅटसनने तिथे ४०० मीटरला ब्राँझ आणि रिलेत रौप्य घेतलं. त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं कुस्तीचं ब्राँझ. खाशाबांना पाठवायला राजाराम कॉलेजच्या खर्डेकरसरांनी घर गहाण टाकलं होतं. लेखात हे पाहिजेच.

कट्ट्यावरचा_बाळ्या:
खाशाबांना पद्मश्री का नाही मिळाली, यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.

युनिकोड_अण्णा:
लेख पीडीएफ करून पाठवू नका. जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. मागच्या वर्षी आमच्या अंकात 'सूर्य'चं काय झालं ते सांगत नाही.

तिखटमीठ:
अण्णा, हे मी विचारलेलं नाही. पण पीडीएफच करणार होते.

खतावणी:
वाक्य असं करा: 'विद्यापीठाने तुटीचं कारण देऊन फुटबॉल बंद केलं, बोलचे पैसे आले असते तर कदाचित टीम तगली असती, पण ते दोघांना मागे ठेवण्याच्या अटीवर मिळणार होते.' 'मुळे' नको. 'मुळे' लिहिलं की सिद्ध करावं लागतं.

केझारचा_शेजारी:
'कदाचित' काढा.

खतावणी:
'कदाचित' राहील.

तिखटमीठ:
ठेवलं. शेवटचा सामना लोयोला विद्यापीठाविरुद्ध, २०-२ ने जिंकले, तो पासाडीनाच्या रोझ बोल मैदानावर झाला. बोल मिळाला नाही, पण बोलमध्ये खेळून घरी गेले. हे वाक्य माझं, याला कुणी हात लावायचा नाही. खाशाबा एका परिच्छेदात बसले. ११:४० ला पाठवला, सगळ्यांचे आभार.

तिखटमीठ:
संपादकांचं उत्तर आलं. 'लेख छान. फक्त ते नऊ गोल कोणी कोणी केले तेवढं टाका.'